धाकटी सोळाचीच राहते

प्रिय भागूबाई,

आता तू पेपरात नावानिशी लिहिणारी बाई झालीस, तरी मला आठवतेस ती बाबांच्या कॅसेट लायब्ररीत काउंटरमागे बसून, माझ्या पाठीत तोंड खुपसून "गेला का गं तो?" विचारणारी. तू आठची, मी पंधराची. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, बाबा जेवायला घरी जाऊन तिथेच लवंडायचे, आणि मी कुणीच न नेणाऱ्या कॅसेटी लावायचे. काळे झगे आणि सुळे मिरवणारे व्हँपायर मला कधीच आवडले नाहीत. मला आवडायचा तो दीपगृहावरचा म्हातारा, जो समुद्राला घाबरतो आणि अख्ख्या सिनेमात एकालाही चावत नाही. किंवा इस्पितळाच्या धुलाईखान्यातली ती बाई, डाग पडलेल्या चादरी हुंगून बाजूला ठेवणारी आणि स्वतःचीच लाज वाटून रडणारी. तू भीत भीत का होईना, सगळे पाहिलेस.

गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख वाचला, 'चुकवू नयेत असे आगळे व्हँपायरपट'. खरं तर ऐकला. आईने तो शेजारच्या काकूंना वाचून दाखवला, मावशीला फोनवर वाचून दाखवला, आणि मी दातांच्या लॅबमधून आल्यावर मलाही. आदल्या दिवशी एका निवृत्त मास्तरांची कवळी चारदा घासूनही बसेना, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी कामावर गेले होते. आई वाचत होती आणि मी नखांतलं प्लास्टर काढत होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बापाचं नाव काढलं पोरीनं. तुला नाही कधी असं काही सुचलं."

लेखातले नऊच्या नऊ सिनेमे मी तुला दाखवलेले, आणि तू लिहितेस, 'हे जग मला माझ्या वडिलांनी दाखवलं.' अगं, बाबांना यातला एकही अर्ध्यापर्यंत बघवला नाही. त्यांना मारामारी लागायची. दीपगृहाच्या सिनेमाबद्दल तू म्हणतेस, 'इथे भीती दाराबाहेर नाही, दार उघडावं की नाही या विचारात आहे.' हे वाक्य माझं आहे. तुझी वेणी घालताना मी म्हटलं होतं. तुला आठवतही नसेल, आणि मला तेच जास्त लागलं. चोरलं असतंस तर निदान मी तुझ्या लक्षात तरी असते.

बाबांची नजर गेली त्या वर्षी सिनेमाच्या कोर्सचा माझा फॉर्म भरून तयार होता. दुकान कुणीतरी सांभाळायला हवं होतं, मी सांभाळलं. सात वर्षांनी तोच फॉर्म तू भरलास आणि त्यावर तुझा फोटो मी चिकटवला. मला काही वाटलं नाही, असं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले. वाटलं होतं. खूप वाटलं होतं.

म्हणूनच त्या दोघी बहिणींच्या सिनेमावर तू जे लिहिलंस ते मला पटलं नाही. धाकटी चावा बसल्यापासून सोळाचीच राहते, थोरली म्हातारी होत जाते, रोज तिचे केस विंचरते, उजाडायच्या आत पडदे ओढते. तुझ्या मते थोरलीला तिची कीव येते. छे गं. ती विंचरताना जरा जास्तच जोरात ओढते, ते तुझ्या नजरेतून सुटलं. तिचा जळफळाट होतो. आणि तिच्याशिवाय तिला करमतही नाही.

आता मुद्द्याचं. बारा दिवसांपूर्वी तुझ्या नावाचं पाकीट आमच्याकडे आलं. तू सारखी घरं बदलतेस म्हणून सगळीकडे हाच पत्ता देतेस. मी ते फोडलं. चित्रपट महोत्सवाच्या लोकांना तुझा लेख आवडलाय. व्हँपायरपटांचा आठवडाभराचा विभाग तू निवडावास, प्रत्येक खेळाआधी तू बोलावंस, असं त्यांचं म्हणणं आहे. मी ते लॅबच्या खणात साच्यांखाली ठेवून दिलं. मध्ये तू दोनदा फोनवर विचारलंस, "ताई, महोत्सवाकडून काही टपाल आलंय का गं?" आणि मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी तू म्हणालीस, "जाऊ दे, त्यांना दुसरं कुणी मिळालं असेल," आणि तो आवाज ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. होकाराची मुदत काल संपली. आज सकाळी मी त्यांच्या कचेरीत फोन करून सांगितलं की पाकीट मी दडवलं, बहिणीचा दोष नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत थांबू. तुझे भावोजी उद्या कामानिमित्त तुझ्याकडे येताहेत, पत्र आणि पाकीट त्यांच्या हाती देतेय. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. फोनवर मी काहीतरी सारवासारव केली असती, म्हणून लिहिलं. आधी त्यांना होकार कळव. मग माझ्याशी भांड.

तुझीच,
ताई