तेलाचे ब्रेक

सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७४

दिवाळीपासून इथे एक ओळ लिहिली नाही. चुकलंच. लिहावंसं वाटतही नव्हतं.

जुन्या मोटारीचे सळ्यांचे ब्रेक काढून आज चाँदभाई मेकॅनिकने तेलाचे बसवले. "अब पाँव रक्खे की रुकती, साब. भाभी को घुमाके लाओ," म्हणाला. सात रस्ता चौकात ब्रेक लावून पाहिला. पाय नुसता टेकवला, गाडी जागच्या जागी उभी. आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही.

घरी आल्यावर सुमनला म्हटलं, रविवारी करमाळ्याला तुझ्या आईकडे मोटारीनेच जाऊ. दिवाळीत उतारावर ब्रेक लागले नाहीत आणि तिचा हात मोडला, तेव्हापासून ती गाडीत बसलेली नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, "असतील हो चांगले ब्रेक. पण दारापाशी गेलं तरी अंग कापतं माझं. तुम्ही न्या तुमच्या राणीला, मी आपली एसटीनं येते."

रागावली नव्हती. ब्रेक मी तिच्यासाठी बदलले, की गाडी विकावी लागू नये म्हणून? पाय नुसता टेकवला तरी थांबते, हे पुन्हा सांगितलं. "बरं," म्हणाली.

उद्या: स्टँडवर जाऊन रविवारच्या करमाळा गाडीची दोन तिकिटं काढणे.