तपासणीच्या ओळी

४ मार्च
अजून मावत नाही! पट्ट्यातल्या चिपची मेमरी एवढीशी, आणि माझी लायब्ररी, म्हणजे पट्ट्यासाठी लिहिलेला कोडचा गठ्ठा, तिच्यात शिरता शिरेना. आई पडली की मनगटातल्या पट्ट्याने मला फोन लावायचा — एवढंच तर काम. दादा म्हणतो, तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. आई म्हणते, घर सोडणार नाही. मध्ये मी आणि ही चिप. मीही सोडणार नाही.

६ मार्च
बिल्ड करताना, म्हणजे चिपसाठी प्रोग्राम तयार करताना, बंद करता येतील अशा सेटिंग लायब्ररीत ढीगभर. बॅगेवर बसून चेन लावावी तसं चाललंय. दशांश छापणं — बंद. एररची लांबलचक वाक्यं — बंद, नुसते आकडे पुरेत. बरंच उतरलं, तरी थोडं जास्तच! ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा बुवा — प्रवचनं देतो म्हणून बुवा — म्हणाला, मोठी चिप घे आणि मोकळी हो. मोठी चिप बॅटरी खाते. आई रोज आठवणीने चार्जिंग करणार? नावच नको.

७ मार्च
मावली!! शेवटी तपासणीच्या ओळी काढून टाकणारी सेटिंग लावली. 'हे नीट झालं ना?' असं प्रोग्राम जागोजागी स्वतःलाच विचारत असतो, ते सगळं एका फटक्यात गेलं. संध्याकाळी आईच्या हाताला पट्टा बांधला. तोंड वाकडं केलं, पण बांधू दिला.

१५ मार्च
पट्ट्याचा एकदाही फोन आला नाही. दादाला मुद्दाम फोन करून ऐकवलं — बघ, ठणठणीत आहे ती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१७ मार्च
बुवाने दुसरा पट्टा घालून चाचणीच्या गादीवर अंग टाकलं. फोन नाही. पुन्हा टाकलं. नाही.

शोधत बसले. सापडलं — 'पडणं ओळखणारा सेन्सर चालू कर आणि झाला का बघ' हे दोन्ही मी एकाच तपासणीच्या ओळीत लिहिलेलं. तपासणी गेली, तिच्याबरोबर सेन्सर चालू करणंही गेलं. म्हणजे इतके दिवस आईच्या हातात नुसता दागिना!

बुवा म्हणाला, हे प्रत्येकजण एकदा करतो. प्रवचन दिलं नाही.

१८ मार्च
सेन्सर चालू करणं वेगळ्या ओळीत काढलं. लगेच मेमरी पुन्हा कमी पडली. पट्टा सुरू होताना वाजणारी धून उडवली — मावली! मी पडले, बुवा पडला, दर वेळी फोन आला.

आईकडे जाऊन नवा प्रोग्राम भरला. मध्ये कधी पडली नाहीस ना, विचारलं. 'मी कशाला पडतेय!' म्हणाली. जीव भांड्यात पडला.

१९ मार्च
सकाळी पट्ट्याचा फोन. धावत गेले. आई बाथरूमच्या भिंतीला टेकून बसलेली, कोपर खरचटलेलं.

'एवढी धापा टाकत कशाला आलीस?' म्हणाली. 'नेहमीसारखीच तर पडले.'