ह्यांचा डावीकडे कललेला शिक्का

२ जून

सगळ्यात आधी टपकली ती मात्सुए. शेजारची तोफूवाली. हातात तोफूचं भांडं, पण डोळे आमच्या दारातल्या पांढऱ्या गाडीवर. "कोण गं, बँकवाले आले की काय?" म्हटलं, बँकवाले नाहीत, मशीनवाले. तिचं तोंड एवढंसं झालं. बँकवाले असते तर गल्लीभर सांगायला बरं पडलं असतं.

तर आमच्या योशिहारुचं नाव सरकारी यादीत लागलं. छोट्या कारखान्यांना यांत्रिक हात घ्यायला सरकार अनुदान देतंय – किमतीच्या तीन हिश्श्यांतले दोन! आमच्याकडे सायकलच्या घंटीच्या वाट्या होतात. पत्रा उचल, प्रेसखाली ठेव, वाटी काढ. दिवसभर तेच. आता ते सगळं तो हात करणार. कामाला माणूस मिळत नाही, पोराच्या पाठीचा भुगा झालाय. अनुदान नाही मिळालं तर वर्षअखेर शटर खाली, असं तोच म्हणाला.

हे असते तर म्हणाले असते, "माझा हात काय वाईट होता?" ह्यांची तर्जनी अर्धी खाल्ली त्या प्रेसने. तरी रोज आठला दहा कमी असताना आधी त्याला दोनदा थोपटायचे, मग सुरू करायचे. मला कधी थोपटलं नाही. जाऊन पाच वर्षं झाली.

८ जून

उद्या तायआन. सहा दिवसांत एकच असा चांगला दिवस येतो. ऑर्डर द्यायची तर उद्याच. योशिहारु म्हणतो, "आई, मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय ऑर्डर नाही. नियम आहे तसा." अरे, यादीत नाव लागलं ना? मग पत्र आज काय नि परवा काय. तुझ्या लग्नाचा दिवस मीच काढला होता, काही वाईट झालं? "बघू नंतर," म्हणाला आणि व्हॅन घेऊन नागोयाला माल पोचवायला गेला. रात्री येईन म्हणाला.

ऑर्डरच्या कागदावर मीच तारीख घालून ठेवली – ९ जून. कागद पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवला, ह्यांच्या फोटोपुढे. ह्यांचा जुना नावाचा शिक्का, सहीच्या जागी मारायचे तो, तिथेच असतो, डबीत. घरात एवढं मोठं काही येणार, ह्यांना कळायला नको?

९ जून

पोराने ऐकलं माझं! सकाळी बघते तर कागदावर शिक्का. तोही बापाचा. व्हॅन दारात नव्हती, रात्री येऊन पहाटेच पुन्हा गेला असणार. बोलून दाखवणार नाही, पण आईचा दिवस पाळला.

शिक्का जरा डावीकडे कललेला. बोट गेल्यापासून ह्यांचा तसाच उमटायचा. पोराचा हातसुद्धा बापावर गेलाय.

मीच कागद मशीनवाल्यांना फॅक्स करून टाकला. मला येतो फॅक्स. मात्सुएला येत नाही.

१२ जून

मंजुरीचं पत्र आलं. त्यावर तारीख कालची, ११. आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात केला.

३ जुलै

जुना प्रेस नेला, यांत्रिक हाताबरोबर नवा येणार. योशिहारुने त्याच्यावर साके ओतली, वाकून नमस्कार केला. ट्रक वळेपर्यंत उभा होता. मी वांग्याचं लोणचं हलवायला आत गेले. हलवायचं काही नव्हतं.

४ जुलै

आठला दहा कमी. टक् टक्.

प्रेसच्या जागी नुसती जमीन आहे. योशिहारु म्हणाला, "पाईप असेल." असू दे पाईप. मी बार्लीच्या चहाचा एक कप जास्त ओतला. दिवसभर कसं हलकं वाटलं.

२४ जुलै

अनुदानाच्या कचेरीतली दोघं तपासणीला आली. एक साहेब, एक चष्मेवाली मुलगी, तानाबे. साहेब योशिहारुबरोबर यांत्रिक हात बघायला गेले. काय सुरेख वाटी ठेवतो तो, जणू झोपलेलं मूल!

तानाबेने मशीनवाल्यांकडून आणलेली फाईल उघडली. आत दोन ऑर्डरी. एक योशिहारुची १५ तारखेची, एक माझी ९ ची.

"आजी, ही ९ ची खरी धरली तर अनुदान नाही मिळणार. पत्राच्या आधीची ऑर्डर चालत नाही."

पोराने घसा कोरडा करून सांगितलं होतं.

मग तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "पण हा शिक्का किन्जिरोंचा. मालक तर योशिहारु आहेत ना? किन्जिरो कोण?"

"माझे यजमान."

"त्यांना ऑर्डर द्यायचा अधिकार नसेल, तर ही बाद धरता येईल. पण हा शिक्का कुणी मारला ते त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल. कधी भेटतील?"

मी म्हटलं, "तेरा ऑगस्टला. दरवर्षी त्या दिवशी येतात."

"लांब असतात का?"

"हो, बरेच."

तिने वहीत लिहून घेतलं. देव्हारा आतल्या खोलीत आहे, फोटो तिला दिसला नाही. मी खोटं काही बोलले नाही. पितर तेरालाच येतात.

योशिहारुला सांगायची हिंमत झाली नाही.

५ ऑगस्ट

टक् टक्. रोज. आता चहा ओतते, पण प्रेसच्या जागेकडे बघत नाही.

१२ ऑगस्ट

आज पितरांना वाट दिसावी म्हणून कंदील लावताना योशिहारुला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. आधी हसला – "बाबांची भेटीची वेळ दिलीस, आई?" मग म्हणाला, "उद्या मी कचेरीवाल्यांना खरं काय ते सांगतो. पण तू बाबांचा शिक्का का मारलास?"

"मी कुठे? तूच ना रे?"

"मी त्या रात्री आलोच नाही. नागोयाच्या वाटेवर व्हॅनमध्ये झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो."

डबी उघडली. शिक्क्यावरची लाल शाई अजून ओली आहे.

उद्या सकाळी दहाला तानाबे आणि साहेब परत येणार आहेत. हे त्यांच्या आधी येतील. आठला दहा कमी असताना.