दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण

गाब्रोवो, ३ सप्टेंबर १९७१

चि. दोब्रिंकास स्तोइमेनमामाचे अनेक आशीर्वाद.

भौतिकशास्त्राची पुस्तकं गिरणीतल्या मैत्रिणीला देऊन टाकलीस, त्यातलं आपल्याला काही कळत नव्हतंच, असं लिहिलंस. ते वाचलं आणि आज खरं लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वीच्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतलं ते गणित आठवतं? सारखाच विद्युतभार असलेले दोन छोटे गोळे, अंतर तीस सेंटिमीटर, एकमेकांना दूर ढकलणारं बल एक दशांश न्यूटन. प्रत्येकावरचा भार काढा. तू एक मायक्रोकूलंब काढलास आणि पुढं लिहिलंस, दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण. नुसत्या बलावरून चिन्ह कळत नाही. पेपरवर नाव नव्हतं, पण तुझं अक्षर मी ओळखलं. छापील उत्तरात फक्त धन होतं. सोबत तपासणाऱ्या गेनाबाई म्हणाल्या, मुलीचं बरोबर आहे, पूर्ण गुण द्या. मी अडून बसलो. उद्या नातं कळलं तर मामानं भाचीला आत घुसवलं म्हणतील, ही धास्ती. एक गुण कापला. तुझी जागा अर्ध्या गुणानं गेली.

दोन्ही चिन्हं लिहायची हे तुला मीच शिकवलं होतं.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.
स्तोइमेन

स्लिवेन, ११ सप्टेंबर

ती. मामांस नमस्कार.

पत्र मागापाशी उभ्यानं वाचलं. धागा तुटलेला कळला नाही, मुकादमबाईंनी झापलं. राग आलाय, खूप. पण मी चुकले नव्हते हे वाचून रडूही आलं. पुस्तकं परत मागितली. एकाची पानं सूर्यफुलाच्या बिया बांधायला गेलीत. नेमका चुंबकाचा धडा.

माफी नको. परीक्षा मंडळाला खरं लिहून द्या. आणि आईला समोर बसून सांगा. दर रविवारी तुम्ही तिच्याकडे जेवता. पोर डोक्यानं बेताचीच म्हणून तिनं मला गिरणीत धाडलं, तेव्हाही जेवत होता.

राग जाईपर्यंत एवढंच.
दोब्रिंका

गाब्रोवो, २७ सप्टेंबर

चि. दोब्रिंकास आशीर्वाद.

मंडळाला लिहून दिलं. गुण वाढले, पण गेलेली जागा मिळत नाही. जुलैत पुन्हा परीक्षेला बसता येईल. अर्ज सोबत आहे. तपासनिसांच्या यादीतून माझं नाव काढलं, योग्यच केलं.

रविवारी ताईकडे गेलो. ती अंगणात मिरच्या भाजत होती. सगळं ऐकून घेतलं, मिरच्या सोलत राहिली. मग म्हणाली, "लोक काय म्हणतील याला तू भ्यालास. मी माझ्या पोरीला काय काय म्हणाले, ते आता कुठं पुसू?"

जेवायला वाढलं नाही. येत्या शनिवारच्या गाडीनं ती तुझ्याकडे येतेय. स्टेशनवर जा. ती आधी काही बोलणार नाही, तूच हात धर.

तुझा,
मामा