ससा मीच होते

चिझुरु,

मी देवळात पुढे जाते. आज गाऊन प्रवचन करणारे महाराज आलेत, उशीर झाला तर मागे बसावं लागेल. मिसोचं सार गरम करून घे. प्रदर्शनाला न्यायची तुझी गिबोशी, ती पांढऱ्या काठाच्या पानांची कुंडी, ओसरीवर काढून ठेवली आहे.

एक गोष्ट तोंडावर बोलवत नाही म्हणून लिहिते. वसंतात त्या गिबोशीचा सगळ्यांत जाड कोंब गेला, तेव्हा तू म्हणालीस, "आई, ससा खाऊन गेला वाटतं." मी म्हटलं, "मेले ससे हल्ली फार माजलेत."

ससा मीच होते. अख्खं गाव तुझी पानं बघायला येतं, माझ्या वाफ्याकडे कुणी मान वळवत नाही. पोटात दुखलं गं. कोंब कापला, उकडला, मिसोची आंबट चटणी लावून खाल्ला. गोडही लागला, खोटं कशाला बोलू?

काल प्रदर्शनवाले ओकुयामा म्हणाले, "सूनबाईंनी तो बिनकाठाचा, नुसता हिरवा जाड कोंब वेळेवर काढला, नाहीतर त्याने बाकीची काठाची पानं दाबून टाकली असती." म्हणजे कापला मी, वाहवा तुझी! माझ्याही गिबोशीला एकेकाळी असाच काठ होता. तीस वर्षं मी जाड हिरव्या कोंबांचंच कौतुक करत बसले, आणि काठ गेला.

रागावली असशील तर रागावूनच ये, पण ये. माझ्या शेजारची बसायची उशी तुझ्यासाठी धरून ठेवते.

आणि शरदात तिचा एक फुटवा मला दे. नाही दिलास, तर ससा आहेच.

किनु