हळद पाव

सोमवार, ६ मार्च. सकाळी ७.
छापखान्याला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका निघणार, तीत सगळ्या स्टाफचे फोटो. फोटोग्राफर शनिवारी येणार. मागच्या स्मरणिकेत माझा फोटो इतका निस्तेज आला होता की दोघांनी घरी फोन करून हिचं सांत्वन केलं. या वेळी ग्लो हवा म्हणजे हवा! शनिवारी उजळ माथ्याने, आणि उजळ गालांनी, कॅमेऱ्यासमोर.
ताईने फेसपॅकची कृती चिठ्ठीवर लिहून दिली. ताई साठीची, पण स्किन चाळिशीची.

मंगळवार, ७.
ताईची चिठ्ठी: ‘बेसन एक चमचा हळद पाव दही लागेल तसं दहा मिनिटं ठेव’. एकही विरामचिन्ह नाही. सत्तावीस वर्षं प्रुफं तपासतोय, हात शिवशिवले. लाल पेनाने सगळं नीट केलं. बेसन एक चमचा, हळद, पाव, दही लागेल तसं. आता कसं नीट वाचता येतं.

बुधवार, ८.
आजच लावणार होतो. दुकानातले पाव संपले होते. आळस नव्हे; कृती म्हणजे कृती.

गुरुवार, ९. संध्याकाळी ६.
दोन पाव कुस्करले. स्क्रब असावा. ताईला मानलं. हळदीचं प्रमाण दिलेलं नाही, म्हणजे आपल्या मर्जीवर. चार चमचे. स्वतःच्या चेहऱ्यासाठी हात आखडता कशाला घ्यायचा?
ही म्हणाली, पी हळद अन् हो गोरी. मी म्हटलं, पितोय कुठे, लावतोय.
दहा मिनिटांऐवजी तासभर ठेवला. भुवयांत पाव अडकलाय. पण थंड वाटतंय.

शुक्रवार, १०. सकाळी ६.१५.
ग्लो आला. पिवळा आहे. तीनदा साबण लावला. टॉवेलला माझ्यापेक्षा जास्त ग्लो आलाय. ही नुसती हसतेय.
पिवळा हा पहिला टप्पा असणार. उद्यापर्यंत गुलाबी व्हायला हरकत नाही.
दुपारी छापखान्यात मशीनवाल्याने विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत का. जळतो मेला.

शनिवार, ११.
गुलाबी झाला नाही. फोटोग्राफरने दोनदा लेन्स पुसली, मग दिव्याला दोष दिला. मीही दिला. काळजी नाही. आपली स्मरणिका दरवेळी ब्लॅक अँड व्हाइटच असते.

रविवार, २ एप्रिल.
स्मरणिका आली. मालकांनी या खेपेला हौसेने रंगीत काढली. माझ्या फोटोखाली ओळ: ‘यांच्या नजरेतून काही सुटत नाही.’
सकाळपासून तीन फोन. सगळ्यांचं एकच, कावीळ अंगावर काढू नका. मागच्या वेळी सांत्वन, या वेळी नुसती चौकशी. प्रगतीच म्हणायची.
दुपारी ताई आली. फोटो बघून हसता हसता खुर्चीत बसली. म्हणाली, अरे, हळद पाव चमचा! खायचा पाव घालायला तुला कोणी सांगितलं? मी ताडकन उठून चिठ्ठी आणली. लेखी पुरावा. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि ‘हळद’पुढच्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं.
चिठ्ठी निळ्या शाईतली. स्वल्पविराम लाल.