गिरवलेलं वर्तुळ

गार्डन रीच, कोलकाता
डिसेंबर, मंगळवार

प्रिय कादंबरी,

रविवारी तुझा फोन आला. यंदा राष्ट्रीय स्पर्धेचा फॉर्म भरणार नाही, आता पायांवर विश्वासच राहिला नाही, असं तू म्हणालीस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला. तेव्हापासून ती माझ्यावर धुसफुसतेय. फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. शेजारचा शौनक उद्या डमडमहून पुण्याचं विमान पकडतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर मला हे बोलणं जमलं नसतं.

आज सकाळी फिरायला म्हणून निघालो आणि बस पकडून थेट तुझ्या जुन्या स्केटिंग रिंकवर गेलो. धुकं इतकं की पलीकडचा कठडासुद्धा दिसेना. जमिनीवर रंगवलेली वर्तुळं तेवढी दिसत होती, आणि बघता बघता त्यांवर तू दिसायला लागलीस. नऊ वर्षांची, ढगळ स्वेटरातली, एका पायावर हात किंचित पसरून फिरणारी. एक फेरी, मग त्याच रेषेवर दुसरी, मग तिसरी, जराही आवाज न करता. ऑफिसात लोक मला विचारायचे, साहेब, कोलकात्यात फिगर स्केटिंगला बर्फ कुठून आणता? मग मी चाकांच्या स्केट्सवर व्याख्यान द्यायचो. खरं तर मलाच त्यातलं फारसं कळत नसे. उड्या सगळ्यांना आवडायच्या, मला मात्र तुझी वर्तुळं आवडायची. ती बघताना उघड्या डोळ्यांनी झोप लागल्यासारखं व्हायचं. तुझ्या कोच शर्मिष्ठादी बंगालीत आकडे मोजायच्या, आणि घरी आल्यावर तू आईला ऐटीत सांगायचीस, ‘आज मी एकदापण नाही पडला!’ आई तुझं मराठी सुधारायची आणि मी हसत बसायचो.

तेराव्या वर्षी राज्यात पहिली, सोळाव्या वर्षी देशात पहिली, आणि त्यानंतरही लागोपाठ तीन वर्षं. त्यासाठी मी बढती सोडून इथेच राहिलो. हे बढाई म्हणून सांगत नाही. तुझ्या स्केटिंगमध्ये मी किती नाक खुपसलं होतं, ते कळावं म्हणून सांगतोय.

आता गेल्या जानेवारीतली स्पर्धा. सराव संपवून तू स्केट्स काढलेस आणि पाणी प्यायला गेलीस. शर्मिष्ठादी पंचांकडे होत्या. मी तीस वर्षं रेल्वेच्या वाघिणींची चाकं तपासली, सैल नट दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जातो. तुझ्या स्केट्सखालचे नट मला सैल लागले. पोरीचं चाक निखळेल या भीतीने मी दोन्ही स्केट्सचे मिळून चारही आवळले. पाय कलला की चाकं वळावीत म्हणून वर्तुळांसाठी ते मुद्दाम सैल ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. तू घाईघाईने लेस बांधल्यास आणि लगेच तुझं नाव पुकारलं. दुसऱ्याच फेरीत रेष सुटली, उचललेला पाय खाली टेकला आणि स्पर्धा हातची गेली. नट कुणी आवळले तर नाहीत ना, असं शर्मिष्ठादींनी विचारलं तेव्हा मला माझी चूक कळली. तू स्केट्स काढून तोंड धुवायला गेलीस, त्या पंचांशी बोलायला गेल्या, तेवढ्यात मी चारही नट गुपचूप पुन्हा सैल केले. नंतर त्यांनी तपासलं तर सगळं ठीकठाक! म्हणून तू पायांना दोष दिलास, आणि मी जवळजवळ वर्षभर तो देऊ दिला. तू माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, तेव्हासुद्धा मी नुसती तुझी पाठ थोपटली. मला फार लाज वाटते गं. फॉर्म भरायचा की नाही ते तू ठरव, माझ्याशी बोलायचं की नाही तेही. सोडायचंच असेल तर कंटाळा आला म्हणून सोड, दुसरं काही करावंसं वाटलं म्हणून सोड. पण तुझ्या पायांचं काही चुकलं नव्हतं.

तुझाच,
बाबा